कपाशीच्या ढिगातला पिवळा माल

मी वाचायला शिकलो तो पत्रकांवर. पहूरला आमच्या शेतकरी घरात पोथी एकच होती आणि ती लाल फडक्यात बांधून खुंटीला टांगलेली असे. पण माझे चुलते दर आठवड्याला जळगावला जात आणि सभांमध्ये वाटलेली पत्रके घडी करून खिशातून आणत. ती वाचून मला जगाविषयी जे कळले ते असे: प्रत्येक गोष्टीला एक शत्रू असतो, प्रत्येक शत्रूकडे एक मागणी करायची असते, आणि मागणीच्या शेवटी उद्गारचिन्ह द्यायचे असते. बाविसाव्या वर्षी मी धुळ्याला कापसाच्या एका जीनमध्ये हजेरी लिहिणारा कारकून म्हणून लागलो, तेव्हा एवढ्या शिदोरीवर कोणत्याही संकटाला तोंड देता येईल अशी माझी खात्री होती. बिबट्याचा विचार मी केला नव्हता. चुलत्यांनी आणलेल्या एकाही पत्रकात बिबट्या नव्हता.

धुळ्याच्या लोकांना मात्र रानटी जनावरांचे फारसे काही वाटत नसे. माझी खोली पांझरेच्या कडेला होती. तिन्हीसांजेला नदीच्या पात्रात कोल्हे येत, आणि तडस तर गल्लीच्या तोंडाशी येऊन पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारखे उभे राही. पहिल्याच महिन्यात मी ‘तडसांचा बंदोबस्त झालाच पाहिजे!’ असे पत्रक लिहिले आणि घरमालकीणबाईंना वाचून दाखवले. त्या मेथी निवडत होत्या.

“अरे, नदीत ढोर मरून पडलं की ते साफ कोण करतं? तडस,” त्या म्हणाल्या. “त्याला हाकलल्यावर ती नोकरी तू धरणार का?”

ते पत्रक तिथेच राहिले. पण माझी उमेद राहिली नाही असे कुणी समजू नये.

आमचे जीन गावाच्या टोकाला होते. मागच्या भिंतीपलीकडे नदीचे पात्र आणि दूरवर लळिंगचे डोंगर. हंगामात शेतकऱ्यांच्या गाड्या फाटकापासून पार सडकेपर्यंत उभ्या असत. गाडीतली कपाशी वखारीत उतरे, तिथून बायका ती टोपल्यांनी रेच्यांकडे नेत. रेचा म्हणजे सरकी बाजूला काढून रुई वेगळी करणारे यंत्र. असे सगळे रेचे एका इंजिनावर, लांब पट्ट्याने, सकाळपासून धडधडत. त्या आवाजात शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावे लागे.

या सगळ्यावर भीती एकच होती, ती आगीची. एक ठिणगी पडली तर वखारीसकट सारे खाक. बाहेरची ठिणगीच पाहिजे असेही नाही. ओली कपाशी ढिगात दाबून राहिली की ती आतल्या आत तापते, आणि तापता तापता धुमसू लागते, असे जुने लोक सांगत. म्हणून भिंतीवर पाण्याच्या लाल बादल्या टांगलेल्या असत. फाटकावर एक म्हातारे पहारेकरी होते, त्यांना सगळे आबा म्हणत. ते येणाऱ्या प्रत्येकाची बिडी-काडी काढून ठेवत. मालकाचे सासरे एकदा जीन बघायला आले, तर आबांनी त्यांची चिलीम काढून घेतली आणि जाताना, मोजून दाखवल्यासारखी, परत हातात दिली.

जीनमध्ये तीन कुत्री होती. पौषाची थंडी पडली आणि त्यांतले एक दिसेनासे झाले. चारपाच दिवसांनी दुसरे.

“आबा, कुत्री कुठे गेली?” मी विचारले.

“दोंडाईच्याला गेली असतील,” आबा म्हणाले. “तिकडं जीनं जास्त आहेत.”

तिसरे कुत्रे गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का मागच्या वखारीत कपाशी भरायला गेली.

अक्का म्हणजे बायकांच्या टोळीची मुख्य. पन्नाशी उलटलेली, अंगाने काटक, बोलायला त्याहून काटक. तिच्या हाताखाली बावीस बायका. हंगामाच्या सुरुवातीला ती त्यांना गोळा करून आणी, आणि हंगाम संपेपर्यंत त्यांची भांडणे, दुखणी, बाळंतपणे तीच बघे. त्या दिवशी ती रिकामी टोपली घेऊन वखारीतून बाहेर आली. धावत नाही; देवळातून बाहेर येतात तशी, पाठ न फिरवता. मी हजेरीची वही घेऊन तिथेच उभा होतो, म्हणून मला ऐकू आले.

“मांगनी वखारमा कोनी जाऊ नका व,” ती बायकांना म्हणाली. “तठे वाघ झोपेल शे.”

इकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात.

“कितला मोठा शे, अक्का?” एकीने विचारले.

“माले काय माहीत? शेपूट देखं मी. बाकीना तो कपाशीमा शे.”

“मंग तू पयनी कशी नही?” दुसरीला ती पळाली नाही याचेच नवल.

“पयनी रहाती ते तो उठता ना!”

बायकांनी एवढेच केले, की त्या दिवसापासून मागच्या वखारीकडे जायचे सोडून पुढच्या वखारीतली कपाशी उचलायला सुरुवात केली. कुणी ओरडले नाही, कुणी काम टाकले नाही. मला हे बघवेना. बावीस बायका वाघाच्या शेजारी काम करतात आणि कुणी निषेधही करत नाही! मी अक्काला गाठून म्हणालो, की याविरुद्ध आवाज उठवला पाहिजे.

“भाऊ, आवाज नको उठाडू,” ती म्हणाली. “तो उठी जाई.”

तिचे म्हणणे मला भित्रेपणाचे वाटले. मी खोलीवर जाऊन जांभळ्या पेन्सिलीने, घोटून काढलेल्या अक्षरात, पत्रकाच्या दहा प्रती काढल्या. मथळा होता ‘वाघाच्या जबड्यात कामगार भगिनी!’ मजकुरात असे, की एका ज्येष्ठ कामगार भगिनीने मागच्या वखारीत प्रत्यक्ष वाघ पाहिला असूनही चालकवर्ग झोपलेला आहे. वाघ आणि चालकवर्ग या दोघांपैकी अधिक क्रूर कोण, हे जनतेने ठरवावे. खाली सात मागण्या. सकाळी भोंगा व्हायच्या आत कणकेच्या खळीने मी ती पत्रके जीनच्या बाहेरच्या भिंतीवर डकवली आणि आत येऊन शांतपणे हजेरी मांडू लागलो.

अक्काने पत्रक एका गाडीवानाकडून वाचून घेतले आणि थेट माझ्यापुढे येऊन उभी राहिली.

“हाई तू लिखं ना?”

“होय.”

“माले इचारं का?”

“अक्का, तुमचं नाव मी घातलं नाही. फक्त ज्येष्ठ भगिनी म्हटलंय.”

“ज्येष्ठ म्हंजे म्हतारी ना?”

“तसं नाही… म्हणजे, हो.”

“अठे म्हतारी मी एकलीच शे, भाऊ.” तिने डोक्यावरचा पदर ओढला. “तुमना पहूरकडे बठ्ठा वाघ कागदमाच रहातस का?”

तासाभरात म्यानेजरसाहेबांनी तिला कचेरीत बोलावले. मीही मागोमाग गेलो. म्यानेजरसाहेब कापसाच्या धंद्यात मुरलेले गृहस्थ. गाडीतून चिमूटभर कपाशी काढून, दोन्ही हातांच्या चिमटीत तिचा धागा ओढून, ती कुठल्या काठची, कधी वेचलेली आणि किती भिजलेली हे ते सांगत. लग्नकार्यात अक्षता हातात आल्या तरी त्यांची बोटे आपोआप त्या कुस्करून बघत. माणूस वाईट नव्हता; पण कापसाशिवाय जगात दुसरे काही आहे याची त्यांना कुणी तरी आठवण करून द्यावी लागे. त्यांच्या टेबलावर माझे पत्रक पडले होते आणि ते संतापलेले होते.

“अक्का, काय हे? गाडीवाल्यांनी हे वाचलं. तीन गाड्या फाटकातून वळून दुसऱ्या जीनला गेल्या. वाघ आला कुठून? फाटकातून?”

“भिंतवरतीन उना, साहेब. फाटकमाईन येता ते आबा त्यानी बी झडती लेता.”

“मी स्वतः जाऊन बघितलं. वाघ नाही.”

“आतमा गयात का?”

“दारातून बघितलं.”

“दारमाईन मी बी रोज देखस. दारमाईन दखात नही.”

म्यानेजरसाहेबांनी पत्रकावर बोट आपटले. “हे बाहेरच्या कुणा चळवळ्याकडून लिहून घेतलंस तू. हंगाम बुडवायला निघालीस.”

आता माझे कर्तव्य उघड होते. मी पुढे झालो. “साहेब, ते पत्रक मी लिहिलंय. अक्काचा त्यात काही संबंध नाही. शिक्षा करायची तर मला करा.”

त्यांनी पत्रक उचलले, मग माझी हजेरीची वही ओढून शेजारी धरली आणि एकदा इकडे, एकदा तिकडे पाहिले.

“तुझं? तुझ्या हजेरीतलं एक नाव मला वाचता येत नाही, आणि हे अक्षर मोत्यासारखं. उगाच मोठेपणा घेऊ नकोस, जा.”

अन्यायाविरुद्ध मी पुष्कळ तयारी केलेली होती, पण हस्ताक्षराच्या स्तुतीने माझा बचाव मोडून पडेल हे कुठल्याही पत्रकात नव्हते.

मग त्यांनी निकाल दिला. दुसऱ्या दिवशीच्या दुपारच्या भोंग्याच्या आत अक्काने वाघ दाखवायचा. नाही दाखवला तर ती आणि तिच्या बावीस बायका लबाड ठरल्या, आणि त्यांना या जीनचे फाटक बंद. हंगामाचे दोन महिने अजून जायचे होते आणि गावातल्या बाकीच्या जीनमध्ये टोळ्या कधीच भरल्या होत्या.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, “अक्का, चूक माझी आहे.”

“शेच,” ती म्हणाली. “काम गयं ते दुसरं भेटी. पन लबाड म्हनना तो माले. बावीस बायासमोर.” मग तिने माझ्याकडे पाहिले. “आते असं कर. तो रावसाहेब शे ना, बंदूकवाला? त्याले बलाई लय.”

गावात सरकारी परवान्याची बंदूक असलेले जे एकदोन लोक होते, त्यांत हे रावसाहेब. निवृत्त अधिकारी, सरकारी किताबाचे धनी. त्यांना किताब मिळाला त्या आठवड्यात मी त्यांच्यावर एक पत्रक लिहिले होते. त्यांच्या दारात पाऊल टाकणे म्हणजे माझ्या तत्त्वांना मूठमाती. मी तसे अक्काला सांगितले.

“तत्त्व कितलं मोठं शे?” तिने विचारले. “वाघइतलं?”

मी गेलो. रावसाहेब ओटीवर खुर्चीत बसले होते. मी नाव सांगताच ते उठून आत गेले आणि एक कागद घेऊन आले. तो त्यांनी जपून ठेवला होता.

“‘परकीयांच्या पायाशी गोंडा घोळणारे.’ हे तुझंच?”

“होय,” मी म्हणालो. खोटे बोलणे मला पटत नव्हते.

“गोंडा चांगला लिहिलास. बाकी मजकूर ढिला आहे. आज काय काम काढलंस?”

मी सांगितले. वाघ म्हटल्यावर त्यांचा चेहराच उजळला. आतून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, “नऊ वर्षं ती बंदूक नुसती पुसतोय आम्ही. जाऊ देत त्यांना, भाऊ.” पण रावसाहेब लगेच उठणारे नव्हते. त्यांनी दौत-टाक पुढे सरकवला आणि रीतसर अर्ज मागितला. मी अर्ज लिहिला. शेवटी ‘आपला, एक नागरिक’ अशी सही केली.

“‘आज्ञाधारक’ राहिलं,” रावसाहेब म्हणाले.

मी बराच वेळ टाक हातात धरून बसलो. डोळ्यांपुढे बावीस बायका आणल्या, पुरेनात. मग अक्का आणली. ‘आज्ञाधारक’ लिहिले. उद्गारचिन्ह दिले नाही, एवढीच माझी अब्रू.

दुसऱ्या दिवशी साडेदहाच्या सुमारास रावसाहेब खाकी विजार, पायांना पट्ट्या, खांद्यावर बंदूक अशा थाटात फाटकावर आले. पाठीमागे गडी खुर्ची घेऊन. आबांनी हात आडवा केला.

“साहेब, बिडी-काडी?”

“मी ओढत नाही.”

“मग ते खांद्यावरचं इथं ठेवा.”

“ही बंदूक आहे.”

“दिसतंय ना साहेब. तिच्यात दारू आहे. दारूगोळा आत न्यायचा नाही.”

“अरे, वाघ मारायला बोलावलंय मला! बंदूक बाहेर ठेवून वाघ कसा मारू?”

आबांनी थोडा विचार केला. “ते तुमचं तुम्ही बघा. पण कपाशीत ठिणगी पडली, तर वाघ मेला काय आणि जगला काय, जीन काही राहत नाही.”

“मी आयुष्यात सहा वाघ मारलेत!”

“मारले असतील, साहेब. कपाशीत एकही मारला नसेल.”

म्यानेजरसाहेबांना बोलावणे गेले, त्यांनी आबांचेच म्हणणे खरे केले. गंमत अशी, की त्या दिवशी मीही मनातून आबांच्याच बाजूचा होतो. पण माझाच अर्ज रावसाहेबांच्या खिशात असल्यामुळे मला गप्प राहावे लागले. अखेर तडजोड झाली. रावसाहेबांनी फाटकाबाहेर खुर्ची टाकून, बंदूक मांडीवर घेऊन बसावे. वाघ फाटकातून बाहेर आला तर तो त्यांचा.

अकरा वाजून गेले तेव्हा म्यानेजरसाहेब स्वतः मागच्या वखारीकडे निघाले. वाघ नाही हे सगळ्यांसमोर सिद्ध करून विषय एकदाचा संपवायचा, असे त्यांनी ठरवले होते. पुढे ते, मागे अक्का, तिच्या मागे मी, आणि दारात उभ्या राहिलेल्या बायका. पलीकडे रेचे धडधडत होते. वखारीत कपाशीचा ढीग आढ्यापर्यंत गेलेला. वरच्या एका झरोक्यातून उन्हाची तिरीप येत होती. वाघ कुठेही नव्हता.

“बघा!” म्यानेजरसाहेब ओरडून म्हणाले, ओरडल्याशिवाय ऐकूच येत नव्हते. “आहे का वाघ? कुठे आहे?”

“हळू, साहेब,” अक्का म्हणाली.

ते ढिगाला वळसा घालून मागच्या बाजूला गेले, आम्ही त्यांच्या पाठोपाठ. तिथे ढिगाला एक खड्डा पडलेला होता आणि त्याच्यावर कपाशी घसरून आली होती. ढिगाजवळ उभे राहिल्यावर त्यांच्या हाताला जे करायची सवय होती, ते त्याने केले. हात कोपरापर्यंत आत गेला आणि चिमूटभर माल घेऊन बाहेर आला. त्यांनी तो उजेडाला धरला. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“हा माल कुणी आत घेतला? पिवळा आहे!” त्यांनी चिमटीत धागा ओढला. “लांबी नाही. अगदीच आखूड. कवडी मिसळली आहे यात.” कवडी म्हणजे किडक्या बोंडातला डागी कापूस. “अक्का, तुझ्या बायांनी चांगल्या मालात कवडी टाकली? म्हणून तुला इकडे कुणी यायला नको होतं! म्हणून वाघ!”

अक्काचा चेहरा काळवंडला. वाघाचे खोटे एक वेळ सोसले असते, पण मालात भेसळ हा तिच्या धंद्यावरचा आरोप होता. तिने पुढे होऊन त्यांच्या चिमटीतला माल घेतला, नाकाशी नेला आणि एक पाऊल मागे आली.

“साहेब, हाऊ कापूस नही शे.”

“मला कापूस शिकवतेस? तीस वर्षं…” त्यांनी उरलेला धागा पुन्हा ओढून पाहिला, आणि मानेने जरासे कौतुक केले. “ताकद मात्र आहे. तुटत नाही.”

“साहेब, चला अठेथून.”

पण म्यानेजरसाहेबांनी दुसरी चिमूट घ्यायला हात परत आत घातला. या वेळी खांद्यापर्यंत. तो तिथेच थांबला. त्यांच्या तोंडावरचा रंग उडाला. मला वाटले, कळले बुवा एकदाचे.

“ढीग तापलाय!” ते किंचाळले. “आतून गरम झालाय! आग आहे आत! इंजिन थांबवा! बादल्या! बादल्या आणा!”

आगीचे नाव निघाल्यावर जीनमध्ये कुणी विचार करत नाही. मीही केला नाही. दारातल्या बायका बादल्यांकडे धावल्या, कुणी तरी इंजिनघराकडे ओरडत गेले. अक्का एकटीच हात हलवत होती, “पानी नको, साहेब, पानी नको!” पण तिचे ऐकतो कोण! पट्टा सुटल्याचा फटकारा ऐकू आला, एकेक रेचा थांबला, आणि जीनमध्ये कामाच्या वेळी कधीच नसते अशी शांतता झाली. त्या शांततेत कपाशीच्या ढिगातून कुणी तरी झोपेत कूस बदलल्यासारखा लांब श्वास सोडला.

तोवर म्यानेजरसाहेबांच्या हातात बादली आली होती. त्यांनी ती नेम धरून खड्ड्यात ओतली.

पुढचे सगळे फार चटकन झाले. ढीग फुटला. त्यातून जे बाहेर आले ते वाघासारखे मुळीच दिसत नव्हते, कारण त्याच्या ओल्या अंगावर डोक्यापासून शेपटापर्यंत कपाशी चिकटली होती. पिंजाऱ्याने अर्धवट भरून सोडलेली गादी चार पायांवर उभी राहावी तसे ते क्षणभर उभे राहिले. त्याने म्यानेजरसाहेबांकडे पाहिले. त्या दोघांत जास्त रागावलेले कोण होते ते सांगता येत नाही. मग ते शिंकले, ढिगावरून दोन उड्यांत झरोक्यापर्यंत चढले, आणि झरोक्यातून, मागच्या भिंतीवरून, नदीत उतरून गेले. काही पुंजके हवेत तरंगत खाली आले.

म्यानेजरसाहेब रिकामी बादली धरून उभे होते. त्यांची बोटे अजून तो धागा चोळत होती. खाली पाहून त्यांनी एकदम हात झटकला.

मग अक्काने इंजिनघराकडे मान वळवून कानोसा घेतला.

“भोंगा व्हयना का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मंग भोंगाना पहिले दखाडा ना, साहेब?”

म्यानेजरसाहेबांनी मान हलवली.

“बायासले सांगा.”

ते दाराकडे वळले. बावीस बायका भरलेल्या बादल्या घेऊन तशाच उभ्या होत्या. “अक्का खरं बोलली,” ते पुटपुटले.

“रेचासना आवाजमा ऐकू येत नही,” अक्का म्हणाली. रेचा-बिचा काही चालू नव्हता. इंजिनसुद्धा बंद होते.

“अक्का खरं बोलली!” ते ओरडले, इतके की आबा फाटक सोडून धावत आले आणि आधी काडीपेटी कुणाकडे आहे ते विचारू लागले.

रावसाहेबांची आठवण कुणालाच राहिली नाही. दुपारी चार वाजता मी बाहेर गेलो, तर ते उन्हात खुर्चीवर ताठ बसलेले, नजर फाटकावर. मी घडले ते सांगितले.

“कुठल्या बाजूनं गेला?”

“मागच्या.”

“अर्जात बाजू लिहायला पाहिजे होतीस,” ते म्हणाले, आणि गड्याला खुर्ची उचलायला सांगितली.

त्या संध्याकाळी मी नव्या पत्रकाला बसलो. आता मागण्या सातावरून अकरावर गेल्या होत्या: झरोक्यांना गज, वखारीला दोन दारे, एक चौकशी समिती, आणि अक्कावर ठेवलेल्या आरोपाबद्दल लेखी माफी. सकाळी मी ते अक्काला वाचून दाखवले. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले, हे तिचे उपकार.

“भाऊ, इतलं कोन देई? त्याले एकच सांग. जे तो करू शकस ते.”

भोंगा झाला. बायका टोपल्या घेऊन आल्या आणि मागच्या वखारीच्या दारात येऊन थांबल्या. म्यानेजरसाहेब घाईघाईने आले. काय झाले, आत का जात नाही, असे विचारू लागले.

“तुम्ही पहिले, साहेब,” अक्का म्हणाली. “माल तुमले कळस. हात घाली देखा.”

“अगं, तो गेला आता!”

“काल बी नव्हता म्हनेत ना तुम्ही.”

म्यानेजरसाहेबांनी इकडेतिकडे पाहिले. कोपऱ्यात एक बांबू होता. त्यांनी तो उचलून दारातूनच ढिगात दोनदा खुपसला.

“बांबूले काय कळस?” अक्का म्हणाली. “आतमा जा.”

त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी वहीत बघत राहिलो. हजेरीला अजून एकही नाव लागलेले नव्हते. शेवटी त्यांनी टोपी काढून माझ्या हातात दिली, बाही खांद्यापर्यंत वर केली आणि आत गेले. ढिगाच्या मागे गेल्यावर ते दिसेनासे झाले. बायका टोपल्या कमरेवर घेऊन उभ्या राहिल्या. कुणी हसले नाही, निदान मोठ्याने नाही. आतून बराच वेळ काही ऐकू आले नाही.

मग म्यानेजरसाहेब बाहेर आले. केसांत कपाशी, कपाळावर घाम. त्यांनी मूठ उघडून अक्कापुढे धरली. तिने त्यातला माल उजेडाला धरून पाहिला, चिमटीत ओढला आणि टोपली डोक्यावर घेतली.

“चला व,” ती बायकांना म्हणाली, आणि सगळ्यांच्या आधी स्वतः आत गेली. पुढचे दोन महिने, हंगाम संपेपर्यंत, रोज सकाळी असेच चालले.